नवी बॅरल रुळवताना तीन सॉल्व्हंट: निळा पॅच कितपत खरं बोलतो?

तिरपा वारा (धागा)

रायफलला नवी बॅरल, म्हणजे नळी, बसवून आली. ४१६ स्टेनलेस, कट रायफलिंग (आतल्या पिळदार खाचा कापून केलेल्या), बनवणाऱ्यानेच हाताने लॅप केलेली (आतून घासून गुळगुळीत), चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ३०८ विंचेस्टर काडतुसाचं. काम एकच, ३०० मीटरवर नेमबाजी. रुळवायची पद्धत नेहमीचीच ठेवली: एक गोळी मारायची, नळी साफ करायची, पुन्हा एक. अशा १५. मग तीन-तीनचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या.

नाहीतरी इतकं घासायचंच आहे, तर लगेहाथ तीन सॉल्व्हंटची (गोळीने नळीत सोडलेलं तांबं काढणाऱ्या औषधांची) तुलनाही उरकून घ्यावी असं मनात आलं. १ ते ५ गोळ्यांना स्वीट्स ७.६२, ६ ते १० ला बोअर टेक एलिमिनेटर, ११ ते १५ ला वाइप-आउटचा फोम. दर वेळी आधी हॉपीज नंबर ९ या काजळीच्या सॉल्व्हंटचे दोन पॅच (कापडाचे तुकडे) फिरवून सुटी काजळी काढली, मग तांब्याच्या मागे लागलो. तांबं विरघळलं की पॅच निळा होतो; तो निळेपणा संपेपर्यंत किती पॅच लागले ते वहीत टिपलं.

स्वीट्स: पहिल्या गोळीनंतर ९ पॅच, पाचवीनंतर ६. एलिमिनेटर: सहावीनंतर ४, दहावीनंतर ३. फोम: अकरावीनंतर २, शेवटच्या दोन गोळ्यांना एकेक.

स्वीट्स नाकाला झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि १५ मिनिटांच्या वर नळीत ठेवायचं नाही म्हणून घड्याळाकडे बघत बसावं लागतं. फोम फवारला की आपण मोकळे. माझ्यापुरता निकाल लागलाय. फोम पहिला, एलिमिनेटर दुसरं, स्वीट्स आता फडताळात. तुमचं काय म्हणणं?

थ्रोटदुखी

साफ असहमत. हा निकाल फोमचा नाही, अकराव्या गोळीचा आहे.

लॅप केलेल्या नळीत लँड्स (उंचवटे) आणि ग्रूव्ह (खाचा) गुळगुळीत असतात, पण थ्रोट, म्हणजे चेंबरच्या पुढे रायफलिंग सुरू होतं ती जागा, कापला जातो लॅपिंगनंतर. चेंबरचा रीमर (चेंबर कापणारं हत्यार) गोल फिरत लँड्सची तोंडं कापतो, त्यामुळे त्याच्या खुणा गोळीच्या वाटेला आडव्या पडतात. बारीक कानसच म्हणा ना. गोळीचं जॅकेट (वरचं आवरण) बहुतेक वेळा ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. ते या कानशीवर खरवडलं जातं, तप्त वायूबरोबर पुढे जातं आणि नळीभर बसतं. हे खरवडणं पहिल्या गोळीला सर्वांत जास्त, मग दर गोळीला खुणा थोड्या थोड्या झिजतात.

म्हणजे तुमच्या स्वीट्सच्या वाट्याला सगळ्यात खडबडीत थ्रोट आला आणि फोमला आयता रुळलेला मिळाला. आयत्या बिळावर नागोबा! क्रम उलटा असता तर आज तुम्ही स्वीट्सचे गोडवे गात असता.

तिरपा वारा

मुद्दा निम्मा मान्य. पण फोमचा पॅच पांढरा आल्यावर मी तीनदा स्वीट्स लावून उलटतपासणी केली होती. एकदाच अगदी फिकट निळं आलं. म्हणजे फोमने काम केलंच ना?

थ्रोटदुखी

केलं. पण काम होतं किती? आणि पहिल्या पाचांत स्वीट्सनंतर फोम मारून पाहिलंत का? नाही. उलटतपासणी एकाच साक्षीदाराची झाली.

आणखी एक. फोम किती वेळ ठेवत होता?

तिरपा वारा

अर्धा तास. स्वीट्स दहा मिनिटं. हो, आता लिहिताना मलाच ते दिसतंय.

कोरडा पॅच

तुम्ही दोघं औषधांवर भांडताय, मला रोगच दिसत नाही.

रुळवण्याचा हा सगळा विधीच मला पटत नाही. गेल मॅकमिलन स्वतः बॅरल बनवायचे आणि या प्रकाराच्या उघड विरोधात होते. क्रीगरसारखे बॅरलवाले वर सांगितलेलं थ्रोटचंच कारण देऊन तो करायला सांगतात, हेही खरं. म्हणजे जाणकारांतच एकमत नाही. मग मी साधा हिशेब करतो. थ्रोटच्या खुणा झिजवते ती गोळी, सॉल्व्हंट नाही. गोळ्या तर आपण मारणारच आहोत. १५ गोळ्यांसाठी १५ वेळा रॉड आत घालायचा, दर वेळी आठ-दहा पॅच, म्हणजे शंभरावर फेऱ्या. त्यात एकदा रॉड वाकून लँडला घासला किंवा परत ओढताना क्राउनला (नळीच्या तोंडाच्या कडेला) लागला, की जे नुकसान होतं ते कुठल्याच बाटलीने भरून येत नाही.

मी नवी बॅरल आली की तेल पुसतो, वीस गोळ्या मारतो, एकदा नीट साफ करतो, झालं.

थ्रोटदुखी

@कोरडा पॅच, मधे साफ करण्याचं कारण वेगळं आहे हो. तांबं खुणांवर साचलं की पुढची गोळी स्टीलवरून नाही, तांब्यावरून घसरते. खुणा खाली तशाच राहतात. तांबं काढलं तरच पुढची गोळी त्यांना झिजवणार. आणि रॉडचं म्हणाल तर बोअर गाईड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावा, एकसंध कोटिंगवाला रॉड घ्या, चेंबरकडूनच घाला, जॅग (पॅच धरणारं रॉडचं टोक) क्राउनबाहेर आला की पॅच काढून मगच मागे घ्या. नीट केलं तर रॉड बॅरल खात नाही.

कोरडा पॅच

ऐकायला छान आहे. सिद्ध कसं करणार? एकाच रीमरने कापलेले दोन थ्रोटसुद्धा सारखे नसतात, कारण पहिला कापताना रीमरची धार थोडी गेलेली असते. एक बॅरल रुळवून आणि तीच बॅरल न रुळवून बघता येत नाही. म्हणून हा वाद मिटत नाही आणि म्हणून बाटल्या खपतात.

निळं पाणी

रसायनावर दोन शब्द, कारण मूळ धागा पॅचच्या रंगावर उभा आहे.

स्वीट्समधला अमोनिया एकटा तांब्याला फारसं काही करत नाही. त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन तांब्याचं ऑक्सिडीकरण करतो, अमोनिया ते पकडून पाण्यात विरघळवतो, आणि जे संयुग तयार होतं त्याचा रंग गडद निळा. म्हणून नळी सॉल्व्हंटने काठोकाठ भरून दोन्हीकडे बुचं मारणारे लोक उलट स्वतःचंच काम अडवतात. पातळ थर आणि मोकळी हवा हवी.

बिनअमोनियाची सॉल्व्हंट तांबं दुसऱ्या संयुगांनी पकडतात, त्यामुळे त्यांची निळाई वेगळ्या छटेची असते. केजी-१२ सारखं सॉल्व्हंट तर तांबं काढतं आणि पॅच निळा करतच नाही. मग पॅच मोजून या दोन जातींची तुलना कशी करणार? निळा रंग 'तांबं आहे' एवढं सांगतो. किती आहे ते सांगत नाही, आणि कुठलं आहे ते तर मुळीच सांगत नाही.

यावरून धागाकर्त्यांना एक प्रश्न: जॅग कशाचा होता?

तिरपा वारा

हा प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत होतं.

पहिल्या पाच गोळ्यांना पितळी. एलिमिनेटर उघडताना डोक्यात आलं की पितळ नको, तेव्हा नायलॉनचा लावला आणि पुढे तोच राहिला. तेव्हा हे टिपून ठेवण्यासारखं वाटलं नाही.

निळं पाणी

वाटलंच. पितळात तांबंच जास्त असतं. अमोनियाने ओला केलेला पॅच पितळी जॅगवर चढवला की नळीत शिरण्याआधीच त्याचं काम सुरू होतं. नऊ पॅचमधले नळीचे किती आणि जॅगचे किती, आता देवच जाणे. ब्राँझच्या ब्रशचंही तेच, शिवाय सॉल्व्हंट ब्रशचे केसही खातं, त्यामुळे ब्रश लगेच धुवावा लागतो.

एक करा. पांढऱ्या पॅचवर तुमचा जॅग आडवा ठेवा, वर स्वीट्सचे दोन थेंब टाका, दहा मिनिटं थांबा.

तिरपा वारा

केलं. बॅरल दुसऱ्या खोलीत, कपाटात. पॅच टेबलावर. आठव्या मिनिटाला जॅगच्या दोन्ही कडांना फिकट रेघ उमटली, दहाव्याला जॅग उचलला तर खाली त्याचा छाप, खाचांसकट, निळाशार. वहीतल्या पहिल्या पानावर काट मारली आहे.

पन्नास मीटर

मी बावीसवाला, म्हणजे .२२ च्या छोट्या काडतुसाचा. ५० मीटरला रिमफायर. नवी बॅरल घेतोय, यातलं कुठलं आणू?

थ्रोटदुखी

कुठलंच नाही. तुमची गोळी शिशाची आणि वर मेणाचा लेप. तांबं बहुधा नसतंच, मग तांब्याचं सॉल्व्हंट कशाला? रोग हाल्याला आणि औषध पखालीला. तुमचा शत्रू चेंबरच्या पुढे जमणारी काजळी आणि शिसं. साधं काजळीचं सॉल्व्हंट, नायलॉन ब्रश, कोरडे पॅच. बास.

लाकडी दस्ता

अवांतर आहे, पण सांगतो. एका तीव्र अमोनियाच्या सॉल्व्हंटने माझी नळी नाही, दस्ता खाल्ला. बोअर गाईडची ओ-रिंग थकलेली होती. पॅच जास्त भिजवला, रायफल नाकाकडून थोडी वर टेकवली, जादाचं सगळं मागे उतरलं आणि ॲक्शनमधून (बोल्ट-ट्रिगरच्या भागातून) खाली. सकाळी ट्रिगर चिकट, आणि मॅगझिनच्या कडेला पॉलिशवर रुपयाएवढा पांढरा डाग. नखाने खरवडला तर पापुद्राच निघून आला.

तेव्हापासून साफ करताना नळीचं तोंड नेहमी खाली, पॅच ओला पण निथळता नाही, आणि खिडकी उघडी. क्रोममोलीवाल्यांनी (ज्यांची नळी स्टेनलेस नाही त्यांनी) आणखी जपायचं. अमोनिया उडून जातो, मागे पाणी राहतं, आणि पाणी म्हणजे गंज. शेवटचा पॅच अल्कोहोलचा, मग तेलाचा. मारायच्या आधी ते तेलही पुसा. चेंबर तेलकट राहिलं तर काडतूस भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) येतो.

निळं पाणी

+१. आणि दोन सॉल्व्हंट एकावर एक ओतू नका. मधे अल्कोहोलचा पॅच मारा. उरलेल्या थेंबांचं आपसात काय होईल ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

तिरपा वारा

सगळ्यांचं ऐकून नव्याने केलं. आता नळीतून १४० गोळ्या गेल्या आहेत, थ्रोट जे काही रुळायचं ते रुळलं असणार. दर दहा गोळ्यांनंतर सफाई. क्रम: स्वीट्स, एलिमिनेटर, फोम, मग उलट फोम, एलिमिनेटर, स्वीट्स. सहाही वेळा तोच नायलॉन जॅग. वेळ सगळ्यांना अर्धा तास, फक्त स्वीट्सला १५-१५ मिनिटांचे दोन डोस, मधे पुसून.

पॅच: स्वीट्स ३ आणि ३. एलिमिनेटर ४ आणि ३. फोम ३ आणि ४.

फरक संपला. तुम्हाला दिसतो का? मला नाही.

बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचं उपकरण) आत घातला तेव्हा मात्र एक गोष्ट दिसली. लँड्सवरचं तांबं सहाही वेळा गेलेलं, पण काडतुसाचं तोंड जिथे संपतं तिथे काजळीची काळी कडी, काचेसारखी चमकणारी. तिन्हींपैकी एकानेही तिला धक्का लावलेला नाही. हॉपीजचे ते दोन पॅच वरचेवर पुसून गेले, एवढंच. मी तीन आठवडे ज्याच्या मागे लागलो होतो ते त्यातल्या त्यात सोपं होतं.

तरीही मी फोमच वापरणार. आता कारण वेगळं आहे. पॅच तेवढेच, पण ब्रश फिरवावा लागत नाही, म्हणजे रॉडच्या फेऱ्या निम्म्यावर. @कोरडा पॅच, हे तुमच्याच खात्यातून घेतलंय.

कोरडा पॅच

घ्या घ्या. पण लक्ष्यावर काय झालं ते सोयीस्कर गाळलंत. साफ केल्यानंतरची पहिली गोळी कुठे गेली?

तिरपा वारा

सहापैकी पाच वेळा दहाच्या बाहेर. आणि ३०० मीटरला दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं, म्हणजे बाहेर जायला बऱ्यापैकी प्रयत्न लागतात. तिसऱ्या गोळीपासून ग्रुप जागेवर.

कोरडा पॅच

म्हणजे जे तांबं तुम्ही पॅच मोजून काढलंत, तेच थोडंसं परत बसवायला दर वेळी दोन गोळ्या खर्चता. मग दर दहा गोळ्यांनी कशाला काढायचं? ग्रुप उघडायला लागला, म्हणजे गोळ्या पांगायला लागल्या, की काढा.

थ्रोटदुखी

ग्रुप उघडेपर्यंत थांबलं तर ती काळी कडी दगड होते आणि दाबही वाढवते. तांब्याचं राहू द्या एक वेळ, काजळीला थांबू नका. रुळलेल्या बॅरलीत मी दर शंभराला कडीवर जेबी पेस्ट लावतो, आखूड फेऱ्या, फक्त तेवढ्याच जागी.

कोरडा पॅच

जेबी म्हणजे घासणारी पेस्ट! १५ गोळ्या लाडाकोडाने रुळवलेल्या थ्रोटात?

थ्रोटदुखी

बारीक असते हो ती. आणि लँड्सना लावतोय कोण?

तिरपा वारा

थांबा, यावर वेगळा धागा काढतो, इथे नको. दरम्यान, पितळी जॅग ज्याला हवा असेल त्याने सांगा. एका बाजूने जरा गुलाबी झालाय.