स्ट्रेच मार्क्स एका सिटिंगमध्ये नाही जात हो
वर कुणीतरी विचारलंय, लेझरच्या एका सिटिंगमध्ये स्ट्रेच मार्क्स साफ जातात का. नाही जात. फिके होतात, इतकंच. त्वचेच्या आतल्या थरातलं कोलाजेन (त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन) तुटलेलं असतं, वरून पुसायचा हा डाग नव्हेच. खुणा अजून लालसर-जांभळ्या असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना लवकर दाखवा; डाय लेझरने (लाल रक्तवाहिन्यांवर काम करणारा लेझर) लाली बरीच उतरते. पांढऱ्या पडल्या की मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारतात तो), तेही महिन्याच्या अंतराने ३-४ वेळा तरी. मी मायक्रोनीडलिंग केलंय. बधिर करणारं क्रीम लावूनही पोटाच्या कडेला चांगलंच टोचतं, नंतर दोन दिवस उन्हात भाजल्यासारखी लाल कातडी. सावळ्या त्वचेवर लेझरने उलट काळे डाग पडू शकतात, म्हणून आधी छोट्या जागेवर करून बघायला सांगा. आणि हो, या खुणांवर रेटिनॉइड क्रीमही (व्हिटॅमिन ए च्या जातीचं) देतात, पण गरोदर असाल तर ते अजिबात नको.