‘तग’ म्हणजे नुसतं टिकणं नव्हे

‘तग धरणे’ आणि ‘टिकणे’ यांचा अर्थ एकच, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. टिकण्यात वस्तूचा गुण असतो: कापड टिकतं, रंग टिकतो, लोणचं टिकतं. तग धरायला मात्र समोर काहीतरी विरोधात लागतं, आणि निभावेल की नाही ही शंकाही. पावसाने ओढ दिली तरी पीक तग धरून राहतं. भरल्या कालव्याकाठच्या उसाला तसं कुणी म्हणत नाही.

आमच्या इंदूरचा राजवाडा घ्या. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. दगड टिकाऊच. पण १९८४च्या आगीनंतरही दर्शनी भाग उभा राहिला, तेव्हा त्याने तग धरला असंच मी म्हणेन.

‘तगणे’, ‘तगवणे’ ही क्रियापदंही विसरू नका. माळव्याच्या मे महिन्यात आई कुंडीतल्या तुळशीवर ओलं फडकं टाकायची आणि शेजारणीला सांगायची, “तगवलीय कशीबशी.” इथल्या हिंदीत मी ‘बचा ली’ म्हणेन, पण त्यात ते ‘कशीबशी’ येत नाही.

‘तगडा’ याच्याशी नातं जोडायचा मोह होतो खरा. उच्चारसाम्यावरून मी तरी तो दावा करणार नाही.