अर्थसंकल्पातून ज्येष्ठांच्या हाती नेमकं काय पडतं, हे आकड्यांत कसं मांडायचं?

लाइनबझार_बावडा (प्रश्न)

कोल्हापुरात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात अर्थसंकल्पावर तासभर बोलायचं आहे. ऐकायला येणारे साधारण तीन तऱ्हेचे. निवृत्त शिक्षक आणि जिल्हा परिषदेचे पेन्शनर. साखर कारखान्यातून किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले, म्हणजे ईपीएस-95 (पीएफमधली कर्मचारी पेन्शन योजना) वाले. आणि श्रावणबाळच्या, म्हणजे राज्याच्या वृद्ध साहाय्य योजनेच्या, पैशावर असलेले.

‘ज्येष्ठांची व्याजाची मर्यादा 50 हजारांवरून 1 लाख’ ही बातमी सगळ्यांनी वाचली आहे, पण प्रत्येकाने तिचा अर्थ वेगळा लावला आहे. भाषणातल्या घोषणा नकोत. खरी तरतूद कुठल्या कागदात बघायची? या तिघांना वेगवेगळं काय मिळतं? आणि ‘निवडणूक आली की म्हाताऱ्यांची आठवण होते’ असं सभेत कोणीतरी म्हणणारच. ते आकड्यांवर टिकतं का?

जमाखर्च_416

आधी कागद. केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर खर्चाचा अर्थसंकल्प मंत्रालयवार असतो. ज्येष्ठांचा पैसा एका ठिकाणी सापडत नाही आणि लोक इथंच चुकतात. निवृत्तिवेतन वित्त मंत्रालयात, संरक्षण निवृत्तिवेतन संरक्षण मंत्रालयात, गरीब वृद्धांचं अर्थसाहाय्य ग्रामीण विकास मंत्रालयात ‘राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम’ या ओळीत, आणि ईपीएसमधला सरकारचा वाटा श्रम मंत्रालयात. राज्याच्या पुस्तकात लेखाशीर्ष 2071 म्हणजे निवृत्तिवेतन आणि 2235 म्हणजे सामाजिक सुरक्षा. श्रावणबाळ 2235 मध्ये शोधा.

ओळ सापडली की एकच आकडा उचलू नका. मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ आणि सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज, असे रकाने शेजारी शेजारी असतात. मूळ आणि सुधारित यांतला फरक बघा. भाषणात मोठी दिसलेली रक्कम पुष्कळदा सुधारित अंदाजात आकसलेली असते.

फळ्यावर दोनच आकडे लिहा. 2025-26 च्या 50.65 लाख कोटींच्या केंद्रीय अर्थसंकल्पात निवृत्तिवेतनाला 2,76,618 कोटी, त्यातले 1,60,795 कोटी संरक्षण दलांच्या निवृत्तांचे. दुसरीकडे त्या सामाजिक साहाय्य कार्यक्रमाला 9,652 कोटी, आणि त्यात वृद्धांसोबत विधवा आणि दिव्यांगही आले. 2022-23 च्या अर्थसंकल्पातही ही रक्कम 9,652 कोटीच होती.

यातून पेन्शनरांना जास्त मिळतं असा अर्थ काढू नका. त्यांनी नोकरी केली आहे, तो त्यांचा हक्क आहे. दाखवायचं ते वेगळं. सरकारी पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला आहे, निर्देशांक वाढला की वर्षातून दोनदा तो वाढतो. केंद्रात जुलै 2025 पासून तो 58 टक्के झाला, राज्य मागाहून देतं. तुमच्या बाकीच्या दोन गटांच्या रकमेला असं चाक लावलेलं नाही. माझ्या मते तुमच्या तासभराच्या बोलण्याचा कणा हाच असावा: रक्कम किती हे नंतर, ती महागाईबरोबर आपोआप हलते की कोणी हलवली तरच हलते, हे आधी.

राजारामपुरी_करसल्ला

1 लाखाच्या बातमीपुरतं लिहितो, कारण घोळ तिथंच आहे. ती मर्यादा टीडीएसची, म्हणजे व्याज देतानाच बँक कापून घेते त्या रकमेची आहे, कराची नाही. 1 एप्रिल 2025 पासून एका बँकेतलं वर्षाचं व्याज 1 लाखाच्या आत असेल तर बँक टीडीएस कापणार नाही. व्याज करपात्र उत्पन्नात धरायचंच आहे.

व्याजावरची खरी वजावट म्हणजे प्राप्तिकराचं कलम 80टीटीबी. ती 50,000 आहे, 2018 च्या अर्थसंकल्पात आली, तेव्हापासून तेवढीच आहे आणि फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

सभेत एक उदाहरण सोडवून दाखवा. निवृत्त शिक्षक, वय 68, पेन्शन वर्षाला 5,40,000, ठेवींचं व्याज 2,60,000. एकूण 8 लाख. नव्या प्रणालीत 75,000 प्रमाणित वजावट, उरले 7,25,000. 12 लाखांच्या आत असल्याने कलम 87ए ची सूट, कर शून्य. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट 50,000, 80टीटीबीचे 50,000, आरोग्य विम्याचे 40,000 धरले, तर उरतात 6,60,000. ज्येष्ठांना 3 लाखांपर्यंत माफी, पुढच्या 2 लाखांवर 5 टक्के म्हणजे 10,000, नंतरच्या 1,60,000 वर 20 टक्के म्हणजे 32,000. उपकरासह 43,680. या माणसानं जुन्या प्रणालीत राहायला काहीच कारण नाही.

आता चुका होतात त्या जागा.

नवऱ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनींना 75,000 ची वजावट नाही. त्यांना पेन्शनचा एक तृतीयांश किंवा 25,000, यातलं जे कमी ते. ही चूक विवरणपत्रांत फार दिसते.

शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकून आलेल्या नफ्याच्या करावर 87ए ची सूट नाही. पेन्शन आणि व्याजाचं करपात्र उत्पन्न 7 लाख, वर शेअरचा दीर्घकालीन नफा 3 लाख. एकूण 10 लाख, तरीही कर शून्य नाही. 1,25,000 वगळून 1,75,000 वर 12.5 टक्के म्हणजे 21,875, उपकरासह 22,750. ‘12 लाखांपर्यंत कर नाही’ ऐकून जुने शेअर मोडणाऱ्यांना हे आधी कळायला हवं.

एकूण कर सूट धरून शून्य येत असेल तर ‘टीडीएस कापू नका’ असं सांगणारा फॉर्म (मार्च 2026 पर्यंतचा 15एच) प्रत्येक बँकेत एप्रिलमध्येच द्या. जोडखात्यात टीडीएस पहिल्या नावावर कापला जातो, म्हणून ज्याचा कर शून्य येतो त्याचं नाव ठेव ठेवतानाच आधी लिहा. पॅन बंद पडलेलं असेल तर हा फॉर्म चालत नाही आणि 10 ऐवजी 20 टक्के कापले जातात. 80 पूर्ण झालेल्यांना आधार-पॅन जोडणीची सक्ती नाही, त्यांना उगाच रांगेत उभं करू नका.

नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा पुढच्या वर्षीच्या कागदांवर हे जुने कलम-क्रमांक शोधत बसू नका.

ऊसपट्टा_कागल

वरचं सगळं ज्यांच्याकडे ठेवी आहेत त्यांच्यासाठी झालं. ईपीएसवाल्याला 12 लाखांच्या सुटीचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याचं उत्पन्न कराच्या जवळपासही जात नाही.

त्याचं सूत्र सभेत मांडाच. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. सप्टेंबर 2014 च्या आधी पगाराची कमाल मर्यादा 6,500 होती. कारखान्यात प्रत्यक्ष पगार 14 हजार असला तरी हिशेब बहुतेकांचा 6,500 वरच झाला. 18 वर्षांची सेवा धरा: 6,500 गुणिले 18 भागिले 70, म्हणजे 1,671 रुपये महिना. हंगामी कामगाराची सेवा कमी भरते, मग रक्कम आणखी खाली. आज मर्यादा 15,000 आहे. 33 वर्षं सेवा आणि 20 वर्षांपुढच्या सेवेला मिळणारी 2 वर्षांची वाढ धरूनही 7,500 च्या वर जात नाही.

किमान पेन्शन 1,000, 1 सप्टेंबर 2014 पासून. महागाई भत्ता नाही. 2013 मध्ये संसदेच्या कोशियारी समितीने 3,000 सुचवले होते, मागणी आता 7,500 ची आहे. महागाई वर्षाला फक्त 5 टक्के धरली तरी 2014 चे 1,000 म्हणजे 2025 चे 1,710. वरचे 710 ज्याच्या त्याच्या पदरातून गेले. हाच हिशेब केंद्राच्या वृद्धापकाळ वेतनाला लावा: 2007 पासून महिना 200, आज ते 60 ते 79 वयाला. त्याच दराने 18 वर्षांत ते 481 व्हायला हवे होते, अजून 200 आहेत.

श्रावणबाळचे 1,500 हे राज्यानं वाढवले, जुलै 2023 पासून, आधी 1,000 होते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यात केंद्राचे 200 आणि राज्याचे 1,300. यादीत नसेल तर सगळे राज्याचे. अट मात्र जिथल्या तिथं: वय 65, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत. महिन्याला 1,750 रुपये. रोजंदारीवर जाणारा एक मुलगा घरात असला की हा दाखला खरा निघत नाही.

आता हे नीट ऐका, सभेत बायका असतील तर जास्तच. लाडकी बहीण योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, वय 21 ते 65. 65 ओलांडलं की ते 1,500 बंद, आणि श्रावणबाळला गेलं तर मर्यादा 21 हजार. म्हणजे लाखभर उत्पन्नाच्या घरातल्या बाईला 64 व्या वर्षी मदत मिळते आणि 66 व्या वर्षी, गरज वाढली तेव्हा, काहीच नाही. दोन योजना दोन वेळी आल्या, मधली फट कोणी बुजवली नाही. 21 हजारांची ही अट बदलायची मागणी प्रत्येक आमदाराकडे लेखी गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

लाइनबझार_बावडा

हे फारच उपयोगी. 65 ची फट माझ्या लक्षातच आली नव्हती. निवडणुकीचं कोणी सांगेल का? आणि पतसंस्थेत ठेवी असलेले बरेच आहेत, त्यांचं काय?

जमाखर्च_416

निवडणुकीचं म्हणणं अर्धं टिकतं. टिकतं तिथली तारीख सांगतो. 31 मार्च 2021 ला अल्पबचतीचे व्याजदर कमी केल्याचा आदेश निघाला. पश्चिम बंगाल, आसामात मतदान सुरू होतं. 1 एप्रिलला सकाळी तो नजरचुकीने निघाल्याचं सांगून मागे घेतला. अल्पबचतीचे दर अर्थसंकल्पात ठरत नाहीत, दर तिमाहीला वित्त मंत्रालय ठरवतं. ज्याचं घर व्याजावर चालतं त्यानं 1 फेब्रुवारीपेक्षा मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या अखेरीकडे लक्ष ठेवावं.

दुसरी बाजूही सांगा. रेल्वेची ज्येष्ठ सवलत, पुरुषांना 40 आणि महिलांना 50 टक्के, मार्च 2020 मध्ये बंद झाली. मधे 2024 ची लोकसभा निवडणूक होऊन गेली, ती परत आली नाही. कोयना किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणारा 75 वर्षांचा माणूस पूर्ण तिकीट काढतो. तोच मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीनं गेला तर ऑगस्ट 2022 पासून फुकट, 65 ते 75 ला अर्धं. पेन्शनरांचंही तसंच: कोविडमध्ये केंद्राचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, जुलै 2021 पासून 17 चे 28 टक्के केले, पण मधल्या दीड वर्षाची थकबाकी दिली नाही. संघटना कितीही मोठी असली तरी.

म्हणून माझं वाचन असं: निवडणुकीत ज्येष्ठांना नवी घोषणा मिळते, जुन्या मर्यादा मात्र हलत नाहीत. प्राप्तिकरात ज्येष्ठांची 3 लाखांची माफी 2014 पासून तीच आहे, 80 वरच्यांची 5 लाखांची 2011 पासून. नव्या प्रणालीत तर वयाप्रमाणे वेगळी माफीच ठेवलेली नाही.

राजारामपुरी_करसल्ला

पतसंस्थेबद्दल. बँक ठेवींना 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही. 80टीटीबीही बँक, सहकारी बँक आणि पोस्टापुरतं, तेव्हा पतसंस्थेचं व्याज त्यात धरू नका. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची पुंजी तिथं एकगठ्ठा ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

तुलनेसाठी पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सांगा. 2023 च्या अर्थसंकल्पानं मर्यादा 15 वरून 30 लाख केली. 2025-26 मध्ये दर 8.2 टक्के होता, खातं उघडताना असलेला दर 5 वर्षं कायम. त्या दरानं 30 लाखांवर तिमाहीला 61,500. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत कापतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का, नंतर एक टक्का कपात. सगळी रक्कम एका खात्यात घालण्यापेक्षा दोन-तीन खाती करा. दवाखान्यासाठी एक मोडावं लागलं तर बाकीच्यांना धक्का लागत नाही.

सेतू_खिडकी

दोन गोष्टी सभेत कागदावर लिहून वाटा. श्रावणबाळचे पैसे आता थेट खात्यात येतात. आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं असेल तिथंच ते जातात, अर्जावर लिहिलेल्या खात्यात नव्हे. ‘पैसे आले नाहीत’ म्हणणाऱ्यानं आधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघावं, मग तहसीलला जावं. पतसंस्थेच्या खात्यात हे येत नाहीत.

हयातीचा दाखला सरकारी पेन्शनरांचा नोव्हेंबरात. ईपीएसवाल्यांचा वर्षात कधीही चालतो आणि दिलेल्या तारखेपासून 12 महिने धरतात, तेव्हा त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीत शिरू नये. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. खिडकीजवळच्या उजेडात, चष्मा काढून.

70 वरच्यांचं आयुष्मान कार्डही सांगा. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाख. नवरा-बायको दोघं 70 च्या पुढचे असतील तर ते 5 लाख दोघांत मिळून. वय आधारवरचं धरतात. खेड्यात पुष्कळांच्या आधारावर 1 जानेवारी ही अंदाजी जन्मतारीख आहे आणि वय दोन-चार वर्षांनी कमी पडतं. ती आधी दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला असला तर सोबत ठेवा.