शब्दचर्चा : कोनीय विस्थापन. फेरा मारून जागेवर आलं तर शून्य का ३६०?

राजारामपुरीकर :
अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेते. पुस्तक इंग्रजी, पण निम्मी पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, कागल-करवीरच्या गावांतून येणारी. बारावीचा पहिलाच धडा 'रोटेशनल डायनॅमिक्स'. त्यात 'अँग्युलर डिस्प्लेसमेंट' (फिरणारी वस्तू किती कोनातून फिरली ते) आलं की मी शेजारी 'कोनीय विस्थापन' लिहिते. परवा मागच्या बाकावरून प्रश्न आला : "मॅडम, नववीत विस्थापन म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं सरळ अंतर असं शिकलोय. चाकानं पुरा फेरा मारला की ठिपका होता तिथंच आला. मग शून्य नको? २ पाय (२π) रेडियन, म्हणजे ३६० अंश, कसं?" (रेडियन हे अंशासारखंच कोन मोजायचं एकक.) गणित सांगता येतं, पण इथं शब्दच आडवा येतोय. दुसरा शब्द चालेल का? आणि 'कोनीय' लिहायचं का 'कोणीय'? दोन्ही दिसतात.

अनुस्वार :
दुसरं आधी. मराठीत 'कोनीय'. 'कोणीय' हिंदीतून येतं. आपल्याकडे गंमत अशी की त्रिकोणात मूळ संस्कृतचा 'ण' टिकला, पण कोन, काटकोन, चौकोन यांत 'न' आला. नुसतं 'कोण' म्हटलं तर तो प्रश्न होतो, त्यामुळे 'न'च बरा.
पर्यायी शब्दांचं म्हणाल तर 'परिवलन' भूगोलानं घेतलाय आणि ते फिरण्याच्या क्रियेचं नाव आहे, किती फिरलं याचं नाही. 'कोनांतर' म्हटलं की आकाशातल्या दोन ताऱ्यांमधला कोन आठवतो. त्यामुळे 'विस्थापन'च ठेवा. आपल्या भागात हा शब्द उच्चारला की आधी धरणग्रस्तांची वसाहत डोळ्यांपुढे येते, ते वेगळं.

मिलिंगवाला (उद्यमनगर) :
मॅडम, आमच्यात हा शब्द कोण वापरत नाही, पण काम दिवसभर त्याचंच. डिव्हायडिंग हेड म्हणजे जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) सारख्या भागांत फिरवायचं साधन. त्याचं हँडल ४० फेरे फिरवलं की जॉब एक फेरा फिरतोय. २४ दातांचा गिअर पाडायचा तर दर दाताला ४० भागिले २४, म्हणजे एक पुरा फेरा आणि वर दोन तृतीयांश. हँडलमागच्या तबकडीवरची १८ भोकांची ओळ घ्यायची, एक फेरा मारायचा आणि १२ भोकं पुढं जायचं. हँडलची पिन ज्या भोकात आहे ते मोजायचं नाही, नवी पोरं तिथंच चुकतात. म्हणजे हँडल ६०० अंश आणि जॉब १५ अंश.
आता तुमच्या त्या पोराला सांगा, पुरा फेरा शून्य धरला तर हँडल २४० अंशच फिरवशील. जॉब सरकणार ६ अंश. गिअर भंगारात!
आणि हँडल चुकून पुढं गेलं तर नुसतं तेवढंच मागं आणून भागत नाही. आतल्या वर्म गिअरच्या दातांत खेळ, म्हणजे थोडी ढिलाई असतेय. अर्धा फेरा मागं जाऊन परत पुढच्याच दिशेनं यायचं.

जुना मास्तर :
मिलिंगवाल्यांनी वर्मी घाव घातलाय. मुळात विस्थापन कशाचं, हे ठरवायला हवं. नववीत ते ठिपक्याच्या जागेचं होतं. इथं त्रिज्येनं झाडलेल्या कोनाचं आहे, आणि तो कोन ३६० ला पुन्हा शून्य होत नाही, पुढं ३६१, ३६२ असा चढत जातो. ठिपक्याचं विस्थापन शून्य आणि चाकाचं कोनीय विस्थापन २ पाय रेडियन, ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर आहेत.
अंबाबाईच्या देवळात अकरा प्रदक्षिणा घालून दाराशी परत आलेल्या बाईला "तुम्ही हललाच नाहीत" म्हणून बघा! तिचा हिशोब अकराचा आहे आणि कोनीय विस्थापनही अकरा फेऱ्यांचं, २२ पाय रेडियन. देव उजव्या हाताला म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, म्हणून वरून बघता रूढ संकेतानं चिन्ह उणे. महादेवाला मात्र सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर जायची वाट, ओलांडत नाहीत, तिथपर्यंत जाऊन आल्या वाटेनं मागं फिरतात. पाय तितकेच दुखतात, पण निव्वळ कोनीय विस्थापन शून्य. 'किती फिरलो' आणि 'कोनीय विस्थापन' यांतला फरक तिथं दिसतो. मी वर्गात हेच सांगायचो आणि परीक्षेत कुणी विसरायचं नाही.
आता गणित. लेथ (जॉब फिरवून कापायचं यंत्र) ६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आहे. बटण बंद केलं, चक (जॉब धरणारा फिरता भाग) सारख्या दरानं मंदावत ४ सेकंदांत थांबला. किती फिरला? ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १० फेरे. शेवटी शून्य. सरासरी ५, गुणिले ४, म्हणजे २० फेरे. पोरं लगेच सूत्रात आकडे कोंबायला धावतात, पण आधी असं फेऱ्यांत करून घ्यावं. मग २० गुणिले २ पाय, साधारण १२५.७ रेडियन.
रेडियन कशाला, असंही विचारतील. १०० मिलिमीटर व्यासाच्या जॉबचा पृष्ठभाग तेवढ्या वेळात टूलसमोरून किती सरकला? त्रिज्या ०.०५ मीटर गुणिले १२५.७, म्हणजे जवळपास ६.२८ मीटर. त्रिज्या गुणिले कोन हे सूत्र रेडियनमध्येच सरळ चालतं. अंश घातले तर ३६० मीटर येईल.

मिलिंगवाला (उद्यमनगर) :
गणितातला चक चार सेकंदांत थांबतोय, ब्रेक नसलेला जुना लेथ तेवढ्यात ऐकत नाही. तोवर हात लांब ठेवा म्हणावं. 😀

राजारामपुरीकर :
सर, प्रदक्षिणा उद्याच वापरते. एक शंका राहिली. चिन्ह आहे, दिशा आहे, मग कोनीय विस्थापन सदिश राशी (व्हेक्टर) म्हणायची ना? पुस्तक म्हणतं लहान असेल तरच.

जुना मास्तर :
पुस्तक बरोबर आहे. आस एकच असेल तर अधिक-उणे पुरतं. आस बदलली की गडबड. टेबलावर वही ठेवा. एकदा उभ्या आसाभोवती ९० अंश फिरवा, मग टेबलाच्या डाव्या-उजव्या कडांना जोडणाऱ्या आसाभोवती ९० अंश. पहिल्यासारखी ठेवून हेच उलट क्रमानं करा. वही वेगळ्याच स्थितीत येते. सदिशांच्या बेरजेत क्रम बदलून उत्तर बदलत नाही, म्हणून मोठी कोनीय विस्थापनं त्यात बसत नाहीत. ९० च्या जागी एकेक अंश घेतला तर फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि कोन अत्यंत लहान घेत गेलं की तो नगण्य होतो. कोनीय वेग अशा अत्यंत लहान विस्थापनांवरूनच काढतात, म्हणूनच तो बिनधास्त सदिश.