ठिबक : टोकाच्या झाडांना पाणी पोहोचत नाही, मदत हवी आहे

एक एकर टोमॅटो. १६ मिमी इनलाइन नळ्या (ड्रिपर आतच बसवलेले) १.२ मीटरवर, दर ४० सेंमीला ताशी ४ लिटरचा ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारं तोंड). बोअर ताशी १०,००० लिटर देते, सगळं क्षेत्र एकाच व्हॉल्व्हवर. सबमेनजवळ (नळ्यांना पाणी देणारा उपमुख्य पाइप) चिखल, टोकाला कोरडं. काही ड्रिपरवर पांढरा थर दिसतो. मोठी मोटर बसवावी का?

प्रतिसाद १
मोटर अजिबात बदलू नका. बोअरला पाणी तेवढंच आहे, उपसा वाढला की मोटर कोरडी चालून जळेल. हिशेब बघा. एकराला साधारण ३,३०० मीटर नळी, म्हणजे ८,३०० ड्रिपर. सगळे एकदम चालवायला ताशी ३३,००० लिटर लागतात. म्हणून दाबच तयार होत नाही. चार भाग पाडून चार व्हॉल्व्ह लावा, एका वेळी एकच भाग. पुढचा उघडल्यावरच मागचा बंद करायचा, नाहीतर पाइप निसटतो.

मग ड्रिपरखाली ३ मिनिटं भांडं धरा, २०० मिली भरलं पाहिजे. ओळीत टोकाकडे हळूहळू कमी होत असेल तर दाब कमी. शेजारचा पूर्ण देतोय आणि एखादाच कमी, तर तो चोंदलाय.

प्रतिसाद २
पांढरा थर क्षाराचा. आधी फिल्टर धुवा, सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा, मग चार-पाच नळ्यांची टोकं एका वेळी सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. हे न करता आम्ल सोडलं तर सुटलेला गाळ ड्रिपरमध्येच अडकतो.

आम्लाचं प्रमाण अंदाजाने नको. बोअरच्या १ लिटर पाण्यात थेंब-थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून सामू (pH) ४ वर आणा. समजा १ मिली लागलं, तर ताशी ८,३०० लिटरच्या भागाला १५ मिनिटांसाठी सुमारे २ लिटर. टोकाला सामू कागदाने तपासा, मोटर बंद करून २४ तास ठेवा, मग पुन्हा फ्लश. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा घालाच. ब्लीचिंग पावडरशी आम्लाचा संबंध येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो.

धागाकर्ता
व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फरसचं खत एकाच टाकीतून देतोय. चालेल का?

प्रतिसाद २
नाही! दोघांचा साका होतो, तुमच्या थरात त्याचाही वाटा असणार. वेगळ्या दिवशी द्या, आणि खत संपल्यावर १५ मिनिटं नुसतं पाणी चालवा.