साम्यवादोत्तर धर्माचा अभ्यास: सोन्या ल्यूरमन यांची पद्धत कशी वापरावी?

शोधयात्री:
एम.ए. मानवशास्त्राचा लघुप्रबंध साम्यवादोत्तर धर्मावर करायचा आहे. "बंदी उठली आणि दबलेला धर्म वर आला" एवढ्यावर विषय मिटतो असं वाटत नाही. मानवशास्त्रज्ञ सोन्या ल्यूरमन यांची शैक्षणिक बैठक कोणती? जुनी दप्तरं आणि मुलाखती एकत्र वाचण्याची त्यांची पद्धत लहान प्रबंधात झेपेल का?

पोथीवाला:
बैठक दुहेरी आहे. मिशिगन विद्यापीठात मानवशास्त्र आणि इतिहास यांच्या संयुक्त अभ्यासक्रमातून २००९ साली पीएच.डी., पुढे कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात अध्यापन. २०१९ मध्ये अकाली निधन झालं, या विषयाचं मोठं नुकसान.

क्षेत्रकार्य रशियात, व्होल्गाकाठच्या मारी एल प्रजासत्ताकात. तिथे ऑर्थोडॉक्स, मुसलमान, प्रॉटेस्टंट आणि देवरायांत पूजा करणारे मारी शेजारी राहतात. सोव्हिएत निरीश्वरवादाकडे त्यांनी निव्वळ बंदीहुकूम म्हणून पाहिलं नाही, शिकवण्याचं यंत्र म्हणून पाहिलं. 'ज्नानिये' ही संस्था (१९४७, शब्द आपल्या 'ज्ञान'चाच भाऊबंद) गावोगाव व्याख्याते पाठवी. व्याख्यान कसं रचायचं, श्रोत्यांना बोलतं कसं करायचं, हे सांगायला 'मेतोदिस्त' असत. १९९१ नंतर अशा काहींनी तीच हातोटी धर्मशिक्षणात आणली.

दप्तरखाना:
झेपेल, पण एकच गाव किंवा तालुका घ्या. तीन प्रकारचे कागद शेजारी ठेवा: धर्मविषयक सरकारी प्रतिनिधीचे अहवाल, व्याख्यात्यांची टिपणं, भाविकांचे अर्ज. प्रत्येकावर आधी बघा: कोणी, कोणाला, कधी लिहिलं.

सगळ्यात जास्त चूक आकड्यांत होते. अहवालात नोंदणीकृत प्रार्थनास्थळंच नीट मोजलेली असतात. नोंदणी नसलेला मेळा दिसतो तो 'कायदाभंग' म्हणून, तोही कोणाच्या नजरेला आला तरच. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या धर्मविरोधी मोहिमेत (१९५८–६४) चर्च घटली म्हणजे श्रद्धा घटली, असं लिहू नका. चर्च बंद केली जात होती. शिवाय प्रतिनिधीला वरिष्ठांपुढे यश दाखवायचं असे, आणि आपलं पद टिकावं म्हणून धोकाही दाखवायचा असे. एकाच अहवालात दोन्ही ओढ सापडते. अर्जांतली भाषाही तपासा: भाविक संविधानाचा हवाला देऊन चर्च परत मागतात, म्हणून त्यांना सरकारनिष्ठ ठरवणं घाईचं होईल.

धर्मविषयक कारभार पाहणारी, १९४३ आणि १९४४ साली स्थापन झालेली दोन सरकारी मंडळं १९६५ मध्ये एकत्र झाली. दप्तराच्या याद्या त्यानुसार बदलतात, अभिलेखागारात मागणीपत्र भरताना ध्यानात ठेवा.

शोधयात्री:
मुलाखतीत काय विचारावं?

पोथीवाला:
"तुम्ही धार्मिक कधी झालात?" या प्रश्नाला पाठ केलेली कहाणी मिळते. त्याऐवजी "हे शिकवायला कुठे शिकलात?" असं विचारा. जुनी वही, तक्ता, प्रश्नावली असेल तर समोर ठेवून बोला. आणि मारी एलचा निष्कर्ष सगळीकडे लावू नका: अल्बानियात १९६७ मध्ये धर्मावर पूर्ण बंदी आली, पोलंडमध्ये कॅथलिक चर्च भक्कम राहिलं.

दप्तरखाना:
रशियन छापील वाचता येणं पुरत नाही. हस्तलिखित वळण वेगळं असतं, त्याचा सराव आधीच सुरू करा.