तबेल्यातल्या माशा: सामायिक फवारणी की रोजची लीद-सफाई?

आक्षीची वाडी:
आमच्या दारात दोन घोडे आहेत, सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्यावर गाडीला जुंपतो. परवा आजूबाजूच्या टांगेवाल्यांनी ठरवलं की सगळ्या तबेल्यांत दर पंधरा दिवसांनी विषारी फवारणी करायची. वर्गणी मागायला आले, मी नाही म्हटलं. शेजाऱ्यांना नाही म्हणताना बरं वाटत नाही, म्हणून कारण इथे लिहिते.

एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. आपल्याकडच्या उकाड्यात घरमाशीच्या अंड्याची माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. पायाला डसणारी माशी वेगळी. दिसायला घरमाशीसारखीच, पण सोंड सुईसारखी पुढे आलेली. ती वाढते मूत मुरलेल्या पेंढ्यात. गव्हाणीखालचा पेंढा उलटून बघा, पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. फवारा मारला की वरच्या माशा मरतात, खालच्या अळ्या तशाच राहतात. आठवड्यात पुन्हा तेच.

मी दोन्ही वेळा लीद उचलते, ओला पेंढा रोज काढते आणि वाडीच्या टोकाला ढीग करून ताडपत्री घालते. चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तर चटका बसला. त्या उष्णतेत अळी टिकत नाही. पुढे तेच खत माडांना जातं.

नागावचा टांगा:
ताई, तुमची सफाई मान्य. पण माझी घोडी सर्र्याने, म्हणजे माशीतून पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीच्या रोगाने गेली. ताप चढायचा, उतरायचा. पाय आणि पोट सुजलं, खात होती तरी झिजत गेली. सर्रा पसरवते ती मोठी घोडमाशी, आणि ती लिदीत जन्मत नाही. ती शेताच्या चिखलात, पाणथळीत वाढते. तुम्ही तबेला आरशासारखा ठेवलात तरी ती बाहेरून येणारच. मी कडुलिंबाचं तेल चोळत होतो. एक सर आली की सगळं धुऊन जायचं.

आक्षीची वाडी:
दादा, घोडीचं वाचून जीव कळवळला. पण हेच फवारणीलाही लागू होतं ना? घोडमाशी रक्त पिऊन उडून जाते, तुमच्या भिंतीवरच्या विषाजवळ ती थांबतेच कुठे? ती उन्हात डसते, अंधाऱ्या आडोशाला सहसा शिरत नाही. म्हणून भर दुपारी मी घोडे आत बांधते. 2019 साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगात झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घातलेल्या घोड्यांवर या माशा खूपच कमी उतरल्या. मी पांढऱ्या चादरीवर काळे पट्टे शिवून तशी झूल केली आहे. पाठीवर फरक दिसतो, उघड्या पायांवर मात्र नाही.

चौलचा अण्णा:
आमचे वडील संध्याकाळी कडुलिंबाचा पाला जाळून धूर करायचे. औषध नाही, खर्च नाही. तेच करा.

पशुवैद्यकीची विद्यार्थिनी:
अण्णा, बंद तबेल्यात धूर नको. घोड्याची फुफ्फुसं नाजूक असतात, धूर आणि धुळीने त्याला दम्यासारखा त्रास जडतो. दिवेलागणीला जी बारीक चिलटं चावतात ती वाऱ्यापुढे उडू शकत नाहीत, साध्या पंख्याने हटतात. पण टांगेवाले दादांचंही खरं आहे. पावसाळ्यात अंगावर लावायचं औषध डॉक्टरांना विचारून वापरावं आणि ताप आला की लगेच रक्त तपासावं. तेलावर भिस्त ठेवून वाट बघू नये.

नागावचा टांगा:
हेच म्हणतोय मी. आणि ताई, सीझनला आमची शेवटची फेरी रात्री दहाला सुटते. दोन वेळा लीद उचलायला माणूस आणायचा कुठून?

आक्षीची वाडी:
वर्गणीतूनच आणा. दर पंधरवड्याला विषावर घालणार तेवढ्यात हातगाडीवाला ठेवता येईल. अंगावरचं औषध तुम्ही लावा, त्याला माझा विरोध नाही. भिंती आणि गटारांवरची फवारणी मात्र नकोच. ते पाणी वाहून तळ्यात जातं, फवाऱ्यातल्या सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाने मासे मरतात. तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी आहेत, तेही जातील.

नागावचा टांगा:
भिंतीचं या महिन्यापुरतं थांबवतो, बाकीच्यांशी बोलतो. पावसात माझ्या घोड्यांना औषध लागणारच, ते सोडणार नाही. लीद तुमच्या वाडीला हवी असेल तर सोमवारी माणूस पाठवा. घमेलं आणि फावडं माझ्याकडे आहे.